सर्वानुमते

मंगळवार, १ ऑक्टोबर

सकाळी आठ वाजता हरीशचा फोन. "विष्णू, बसला आहेस का?" म्हटलं, त्र्याहत्तराव्या वर्षी आठ वाजता माणूस बसलेलाच असतो, बोल. तर म्हणे मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज आलाय. म्हटलं, येणारच, मीच टाकलाय. "तुझा नाही रे. दुसरा."

एकोणीस वर्षं मी इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या, मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे आणि एकोणीस वर्षं बिनविरोध. लोकांचं प्रेम, दुसरं काय! आता हे मध्येच कोण उपटलं? हरीश निवडणूक अधिकारी. चाळीस वर्षं गोऱ्यांचे दात काढले, पण त्याच्या तोंडून एक नाव निघेल तर शपथ. "पाकीट बंद आहे, मीही फोडलेलं नाही. सभेतच फोडायचं असं घटनेत लिहिलंय." मंडळाची घटना मीच लिहिली. हे कलम कशासाठी घातलं होतं ते आता आठवत नाही. भलत्याच वेळी भलता शहाणपणा सुचला असणार.

सभा २४ नोव्हेंबरला. चोपन्न दिवस आहेत. म्हणून ही वही काढली. भूलतज्ज्ञाची जुनी खोड. पेशंट टेबलावर असला की दर पाच मिनिटांनी नाडी, दाब, श्वास लिहायचा. लिहीत राहिलं की घाबरायला वेळ मिळत नाही.

नंदाला सांगितलं. ती कणीक मळत होती. "हो का?" म्हणाली. "मग राहू दे की कुणाला उभं. सारखं बसून पाय आखडतात हो." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी एक पाहिलंय, तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. मंडळाची चिटणीस आहे खरी, पण ते काय, इतिवृत्त लिहायचं आणि चहाचं बघायचं.

नोंद: नंदा १०.४० ला बाहेर, १.१५ ला परत. निळा कोट. कुठे गेली होतीस म्हटलं तर "जरा काम होतं". गेल्या मंगळवारीही हेच.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आमच्या गल्लीत टीव्हीवाल्यांच्या दोन व्हॅन! मला वाटलं कुणाचा खून झाला. तर चौदा नंबरमधल्या बाईला साहित्याचं मोठं बक्षीस मिळालंय. तेओडोरा ब्रान. सत्तरी उलटलेली, तपकिरी टोपी घालून बसची वाट बघत उभी असते ती. ती कादंबरीकार आहे म्हणे, आणि जगभर बावीस भाषांत वाचतात म्हणे. आणि आम्ही तिला इतकी वर्षं ओळखायचो ते रिसायकलिंगच्या बिनमध्ये ओला कचरा टाकणारी म्हणून. मी त्याबद्दल कौन्सिलला तीन पत्रंही टाकली होती. निनावी. उगाच शेजारधर्म कशाला बिघडवा?

एका बातमीदाराने माझ्यापुढे माइक धरला, शेजारीण म्हणून कशी आहे? म्हटलं, अत्यंत शिस्तीची. रात्रीच्या बातम्यांत मी साडेतीन सेकंद होतो.

पुस्तकांच्या मलपृष्ठावर काय लिहिलंय ते फोनवर वाचलं. पूर्व युरोपातली. तिच्या देशाचं नावही आता बदललंय, तेव्हा ते इथे लिहीत बसत नाही. तिथे चोवीस वर्षं एकच माणूस गादीवर होता. टंकलेखन यंत्र घरात असलं तर दर जानेवारीत पोलिसांत नेऊन त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे. तो भाषणाला उभा राहिला की टाळ्या पहिल्यांदा थांबवायची कुणाची छाती नसे. हिची पुस्तकं बारा वर्षं छापू दिली नाहीत. बाई लोणच्याच्या कारखान्यात बाटल्या धूत होती. चोवीस वर्षं एकच माणूस! लोक सहन तरी कसे करतात?

आणि तिथेच डोक्यात वीज चमकली. मंडळाच्या दिवाळीला ही प्रमुख पाहुणी आणली, शाल-श्रीफळ दिलं, माझ्या हातून, फोटोसकट, तर पाकिटातले ते जे कोण महाशय आहेत त्यांची अनामत जप्त! नंदाला म्हटलं, ओळख काढायला हवी. ती म्हणाली, "मी विचारते."

"तू काय विचारणार? तुझी कुठे ओळख?"

"भेटतो आम्ही अधूनमधून."

बस स्टॉपवर भेटत असतील. बायका बोलतात काहीबाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

तेओडोराबाई येणार! मात्र अट घातलीय. म्हणे, ज्या संस्थेच्या व्यासपीठावर चढायचं तिची माहिती आधी हवी. तरुणपणी एका समारंभात कविता वाचली आणि तो समारंभ कुणाचा होता ते नंतर कळलं, तेव्हापासून कानाला खडा.

रास्त आहे. मी म्हटलं, माहिती काय, संपूर्ण इतिहास देऊ. नंदाने एकोणीस वर्षांची इतिवृत्तं लिहून ठेवलीत, सुवाच्य अक्षरात. ती इंग्रजीत करून दे म्हणून सांगितलं.

"जशीच्या तशी?" तिने विचारलं.

"जशीच्या तशी."

"काही गाळायचं नाही?"

"अगं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? एक अक्षर बदलू नकोस."

"बरं," म्हणाली आणि त्याच संध्याकाळी बसलीसुद्धा. बक्षीसवाल्या बाईसाठी काम म्हटल्यावर उत्साह आला असेल.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

संशयितांची यादी केली. पहिली नीना. फार्मसिस्ट आहे, चाळिशीची, आणि प्रत्येक गोष्टीत "का?" विचारायची सवय. मुलांच्या नाचाची गाणी अध्यक्षांना आधी का ऐकवायची, असं परवा विचारत होती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं असतं, पण ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं असं मी कोविडपासून ठेवलंय. त्याआधी काय गोंधळ! गुड मॉर्निंग काय, फुलं काय, मतं काय. आता कशी शांतता आहे. तर तिने ईमेल केली. ईमेल जपून ठेवलीय.

तिला आज दुकानात गाठलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेता घेता सहज म्हटलं, "काय नीना, यंदा सभेला काही नवीन?" ती म्हणाली, "काका, नवीन झालं तर छानच ना." चेहरा अगदी निर्विकार. पक्की आहे.

तेओडोराबाईंची कादंबरी आणली. 'अकराशे पानं'. नाव अकराशे, पानं खरी चारशेच. साठ पानं वाचून झाली. सगळी कथा म्हणजे एका माणसाच्या नोंदी आहेत. बायको कधी उठली, कुणाशी बोलली, कुठे गेली, काय लिहून कुठे ठेवलं. इतक्या तारीखवार, इतक्या नीटनेटक्या नोंदी की वा! मला हा माणूस फार आवडला. काळ कठीण आहे, बायको भोळी, भलत्या लोकांत जाते, आणि हा बिचारा डोळ्यांत तेल घालून तिची काळजी घेतो. पुढे थोडं पाल्हाळ वाटलं. बाकीचं प्रस्तावनेवरून लक्षात आलंच.

नोंद: नंदा १०.४०, पुन्हा मंगळवार. परत १.३०. कोटाच्या खिशात बिस्किटाचा पुडा. आम्हा दोघांनाही बिस्किटं मना आहेत.

रविवार, ३ नोव्हेंबर

तेओडोराबाई फराळाला आल्या. चकल्या सात खाल्ल्या. लोणच्याकडे पाहून मात्र हात जोडले, म्हणाल्या, त्याच्याशी माझं आयुष्यभराचं वाकडं आहे.

नंदाशी तर गळ्यात गळा. स्वयंपाकघरात दोघी खिदळत होत्या. मी गेलो की गप्प. बस स्टॉपवर एवढी मैत्री होते?

मी त्यांना मंडळाचं सांगत होतो, पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या या वहीकडे गेलं. लगेच मान वळवली. म्हणाल्या, "माफ करा. दुसऱ्याच्या वहीकडे मी बघत नाही. तुम्ही रोज लिहिता?"

मी माझी दर पाच मिनिटांची सवय सांगितली.

"पाच मिनिटांनी!" त्या म्हणाल्या. "माझा नवरा तासाला एकदा लिहायचा, तरी पुरलं."

म्हणजे तेही वैद्यकीय व्यवसायात होते तर! विचारावं म्हटलं तेवढ्यात नंदाने अनारशांचं ताट पुढे केलं. तिला नेमकी वेळ कधी कळायची नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उद्याचं भाषण बावीस मिनिटांचं झालंय. अनुयाला फोनवर थोडं वाचून दाखवलं. लेक बर्मिंगहमला वकील आहे, इथेच जन्मली, इथेच वाढली. म्हणाली, "बाबा, तू तो पुस्तक पूर्ण वाचली का?" तिचं हे तो-ती-ते आता सुधारायचं नाही. म्हटलं, मर्म कळलं की झालं. "But did you finish it, बाबा?" वकिलांना एकच प्रश्न फिरवून विचारायची सवय असते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

समारंभ अपूर्व! हॉल खच्चून भरलेला. लेस्टरहूनही माणसं आली होती.

माझं भाषण रंगलं. कादंबरीतल्या त्या नोंदी करणाऱ्या नवऱ्यावर मी विशेष भर दिला. म्हटलं, हुकूमशाहीच्या अंधारात कुटुंबासाठी जागणारा हा दिवा! असा दक्ष, असा जबाबदार पुरुष आज साहित्यात दुर्मीळ झाला आहे. आपल्या प्रत्येक घरात असा एक माणूस हवा! टाळ्यांसाठी थांबलो. लोक इतके भारावले होते की टाळीच वाजली नाही. नीनाने तर तोंडावर हात धरला होता. नंदा शालीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

मग तेओडोराबाई उठल्या. शाल नीट पांघरली, नारळ टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "अध्यक्षांचे आभार. माझ्या पुस्तकातल्या त्या माणसाचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. त्याला कळवीन, त्याला बरं वाटेल." किती विनय! पुढे म्हणाल्या, "आज मी माझं काही वाचणार नाही. गेल्या महिन्यात मला तुमच्या मंडळाचं लेखन वाचायला मिळालं. हुकूमशाहीवर मी चाळीस वर्षं लिहितेय, पण इतकं थोडक्यात मला कधी जमलं नाही." आणि आमची इतिवृत्तं काढली! नंदाचं भाषांतर. मूळ मराठी माझ्याकडे आहेच, म्हणून इथे उतरवतो:

"२००९. अध्यक्षपदासाठी डॉ. पानसे यांचे नाव डॉ. पानसे यांनी सुचवले. कुणाचा विरोध आहे का असे डॉ. पानसे यांनी विचारले व वेळेअभावी पुढील विषय घेतला. सर्वानुमते मंजूर."

लोक हसले. मग आणखी हसले.

"२०१४. सौ. पानसे यांनी वृद्धाश्रमातील आपल्या मराठी मंडळींना आठवड्यातून एकदा पाळीने भेटण्याची सूचना दहाव्यांदा मांडली. चहा झाल्याचे अध्यक्षांनी निदर्शनास आणले. चहा झाला."

"२०२१. सभा ऑनलाइन. सौ. पानसे यांनी तीच सूचना मांडली. त्यांचा आवाज अध्यक्षांनी म्यूट केलेला असल्याचे नंतर लक्षात आले. सर्वानुमते मंजूर. काय मंजूर झाले याची नोंद नाही."

हॉल कोसळायचा बाकी राहिला होता. लोक डोळे पुसत होते. मीही हसलो. प्रेमाची थट्टा कळते मला. शेवटी तेओडोराबाई म्हणाल्या, "हे लिहिणारी बाई इथेच आहे. तिने एकही विशेषण वापरलेलं नाही." आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही उठून सगळीकडे वळून नमस्कार केला. बराच वेळ करत होतो. नंतर पाहिलं तर माणसं नंदाकडे तोंड करून उभी होती.

असो. मंडळाचं नाव झालं, हे महत्त्वाचं.

रविवार, १० नोव्हेंबर

हरीश आला. चहा घेईना. "विष्णू, तू ते पुस्तक कुठवर वाचलंस?"

म्हटलं, साठ.

"एकसष्टाव्या पानावर कळतं रे. तो नवरा पोलिसांचा खबऱ्या होता. त्या नोंदी तो पोलिसांना देत होता. राजवट पडल्यावर सरकारने लोकांना आपापल्या फायली बघू दिल्या, तेव्हा हिला हिची मिळाली. अकराशे पानं, सगळी नवऱ्याच्या अक्षरात. तिने त्यातलीच निवडून छापली. कादंबरी म्हणजे तीच."

मी म्हटलं, "मग पहिल्या पानावर सांगायला काय झालं होतं!"

हरीश उठला. माझ्या खांद्यावर थोपटलं, दाढ काढल्यावर पेशंटला थोपटतात तसं.

आणि त्या बाईने माझ्या तोंडावर आभार मानले. नंदाला म्हटलं, तू वाचलं होतंस? "दोनदा." मग मला सांगितलं का नाहीस? "तुम्ही भाषण वाचून दाखवलंत कुठे मला? अनुयाला दाखवलंत." हे मात्र खरं आहे. लाज वाटली. लिहून ठेवतो, लाज वाटली.

संध्याकाळी उरलेली पानं वाचायला घेतली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

वाचून झालं. शेवटी शेवटी तो लिहितो, आज ती हसली, कारण कळलं नाही. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर कारण शोधतो. मी आज जेवलो नाही नीट.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज नंदाच्या मागे गेलो. का गेलो? पाच दिवसांवर सभा, अर्ज कुणाचा ते कळत नाही, आणि घरातलं माणूस दर मंगळवारी कुठेतरी जातंय. तिची आणि नीनाची खलबतं चालत असतील असं मनात आलं. आलं खरं. ती बसने, मी गाडीने, दोन गाड्या मागे. या वयात असले धंदे.

स्टेशनपलीकडच्या वृद्धाश्रमापाशी ती उतरली. पाच मिनिटं थांबून आत गेलो. रिसेप्शनवर म्हणाले, कुणाला भेटायचंय? मी निळ्या कोटाकडे बोट दाखवलं.

बैठकीच्या खोलीत खिडकीशी यमुनावहिनी. आमच्या मंडळाचे संस्थापक केळकर, त्यांच्या पत्नी. वारले ते, त्याला बारा वर्षं झाली. वहिनी अशा ठिकाणी आहेत हे मला ठाऊक होतं. दिवाळीला मंडळाचं कार्ड जातं ना. या बाईंनी इथल्या शाळेत पस्तीस वर्षं गोऱ्या पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि आता ते इंग्रजी पार पुसलं गेलंय. उरलं ते सासवडचं मराठी. इथल्या नर्सेस चांगल्या आहेत हो, जीव लावतात, पण त्यांना काय कळणार? भिंतीवर नंदाच्या अक्षरात कागद चिकटवलाय, रोमन लिपीत. पाणी. दुखतंय. थंडी वाजते. मला घरी जायचंय. नंदा बिस्किट चहात बुडवून भरवत होती आणि वहिनी तिला सासवडच्या कुठल्या तरी वाण्याची लबाडी सांगत होत्या. नंदा म्हणत होती, "अगंबाई! मग?"

पलीकडच्या टेबलाशी तेओडोराबाई. एका वाळक्या म्हाताऱ्याला सूप भरवत होत्या. तो मध्येच इकडेतिकडे बघायचा, त्यांच्या कानाशी वाकायचा आणि हलक्या आवाजात भराभर काहीतरी सांगायचा. त्या गंभीरपणे मान हलवायच्या.

नंदाने मला पाहिलं. दचकली नाही. "आलात?" म्हणाली. "गाडी दंडाच्या पिवळ्या रेषेवर तर नाही ना लावली?"

गाडीत मी विचारलं, तो म्हातारा कोण?

"तिचा नवरा."

"तो? खबऱ्या?"

"तोच. त्याला आता ती बायको म्हणून ओळखू येत नाही. ऑफिसमधली साहेबीण समजतो आणि बायकोची खबर देतो. आज सकाळी बाहेर पडली, तपकिरी टोपी, हातात पिशवी, कुठे जाते सांगत नाही."

"आणि ही ऐकून घेते? राग नाही येत?"

"मीही विचारलं होतं. म्हणते, आला होता, वीस वर्षं पुरला. आणि आता तो माझ्याबद्दल थोडं बरं सांगायला लागलाय."

बराच वेळ सिग्नल लाल होता. मी म्हटलं, "तू इथे येतेस ते मला सांगितलं का नाहीस?"

"एकोणीस वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "इतिवृत्तात आहे."

आज वेळ नोंदवलेली नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

वार्षिक सभा. हजर अठ्ठेचाळीस.

हरीशने पाकीट फोडलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "अध्यक्षपदासाठी दुसरा अर्ज, सौ. नंदा विष्णू पानसे."

मला आधी वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. नंदाकडे पाहिलं. ती इतिवृत्त लिहीत होती. स्वतःचं नावही तिने तसंच लिहिलं, मान खाली घालून. तेव्हा कळलं की हे खरं आहे. घरातून आम्ही एकाच गाडीतून आलो होतो! तिने माझा टायसुद्धा सरळ केला होता.

मी म्हणालो, "ठीक आहे, हात वर करून घेऊ या." नीना उठली. दहा सभासदांनी मागितलं तर गुप्त मतदान घ्यावं लागतं, घटनेत आहे. आणि दहा सह्यांचा कागद पुढे केला. पुन्हा माझीच घटना! सह्या वाचल्या. पहिली नीनाची, आणि शेवटची हरीशच्या बायकोची. बसलो.

भाषणं दोन-दोन मिनिटांची. माझी दोन मिनिटं "बंधुभगिनींनो" आणि पूर्वपीठिकेतच गेली. नंदा म्हणाली, "मला एकच काम करायचंय. आपली माणसं म्हातारपणी इंग्रजी विसरतात. त्यांच्याशी मराठीत बोलायला आठवड्यातून एक तास. वेळापत्रक तयार आहे. बाकी मंडळ आहे तसं चालू दे." आणि खाली बसली. तिचा आवाज एवढा मोठ्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा ऐकला. चांगला आहे.

मतदानाला नाटकाच्या पडद्यामागे टेबल, कोरी चिठ्ठी, पेन. नाव लिहायचं आणि डब्यात टाकायचं. मी आत गेलो. एकोणीस वर्षांत मी कधी मत दिलं नव्हतं, घ्यायचोच नुसतं. "डॉ." लिहिलं. मग थांबलो. पडद्यामागे कुणी बघत नव्हतं. यमुनावहिनींची मान बिस्किटासाठी पुढे येत होती ते आठवलं, आणि ते कार्ड, जे दरवर्षी मीच सही करून पाठवतो. ती चिठ्ठी खिशात घातली आणि दुसरी घेतली. पुढचं लिहीत नाही.

हरीश एकेक चिठ्ठी उघडून वाचत होता. एका चिठ्ठीपाशी थांबला. डॉक्टरी अक्षर कितीही लपवा, लपत नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ती ढिगावर ठेवली.

सौ. नंदा पानसे, अठ्ठेचाळीस. डॉ. विष्णू पानसे, शून्य.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. अनुयाचा फोन, आईसाठी. मग तेओडोराबाईंचा. नंदाने स्पीकरवर टाकला. "किती?" "अठ्ठेचाळीस." "कितीपैकी?" "अठ्ठेचाळीस." मग पलीकडून: "नंदा, जपून राहा. आमच्या त्या गादीवाल्यानेसुद्धा खरं वाटावं म्हणून दोन टक्के सोडले होते."

घरी येताना गाडीत नंदा बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "आपण अठ्ठेचाळीसच होतो ना हो हॉलमध्ये? मी हजेरी घेतली होती."

"हो."

"हरीशभावजी, त्यांची बायको, नीना, सगळे धरून. मी, तुम्ही."

"गुप्त मतदान होतं, नंदा," मी म्हणालो. "त्यात विचारायचं नसतं."

तिने पदराने डोळे टिपले आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग पर्समधून वेळापत्रक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मंगळवारच्या रकान्यात पहिलं नाव माझं. कागद महिन्याभरापूर्वीच छापलेला होता आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

अकरा ते बारा. नंदा बाहेर व्हरांड्यात बसली, म्हणाली, पाळी तुमची आहे.

वहिनींसमोर बसलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

सवयीने "मी मंडळाचा" एवढं तोंडातून गेलं. पुढे काही नव्हतं. म्हटलं, "नंदाचा नवरा."

"छे!" त्या म्हणाल्या. "तो डॉक्टर. तो फार बोलतो. दुसऱ्याला बोलू देत नाही मेला. नंदा गुणाची पोर, तिचं नशीब." मग माझ्याकडे वाकल्या. "तुम्ही बरे दिसता. बसा."

बसलो. तासभर सासवडचा वाणी ऐकला. एकदा "अगंबाई" म्हणालो, तेव्हा त्या खूप हसल्या.